हार्ट अटॅकच्या ट्रीटमेंटचा रिव्ह्यू, एका पेशंटकडून

मोबाईलचा, मिक्सरचा, हॉटेलचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी हार्ट अटॅकच्या ट्रीटमेंटचा लिहितोय. सर्व्हिस स्वतः घेतलीय, टेबलावर आडवा पडून, त्यामुळे ऐकीव काही नाही. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका, कारण रिव्ह्यू हॉस्पिटलचा नाहीये, ट्रीटमेंटचा आहे, आणि ती आता बऱ्यापैकी सगळीकडे एका साच्यातली झालीय: ईसीजी, चावून खायची ॲस्पिरिन, कॅथलॅब (हार्टच्या नळ्या तपासून उघडायची खोली), स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी), आयसीयू आणि घरी जाताना हातात गोळ्यांची पिशवी. पाचात साडेचार देतोय. अर्धा का कापला ते येईलच पुढे.

पण ज्या माणसामुळे हा साचा तयार झाला त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट राहील. माझ्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ आहे, एलएडीमध्ये (हार्टची पुढची मुख्य नळी) एक स्टेंट टाकला, शेवटी टिमी थ्री फ्लो मिळाला. मला आधी वाटलं टिमी हे मशीनच्या कंपनीचं नाव असेल. ज्युनियर डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, काका, म्हणजे रक्त नॉर्मल वाहतंय, टेन्शन घेऊ नका. टेन्शन नाही घेतलं, पण आयसीयूत पडून पडून करायचं काय, मग वाचत सुटलो आणि युजीन ब्राउनवाल्ड नावाच्या माणसापाशी येऊन थांबलो. कार्डिओलॉजीवाल्या कुणालाही हे नाव सांगा, लगेच मान हलवतील, कारण त्यांचं हार्टच्या आजारांवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक वाचूनच ते पास झालेले असतात.

थोडक्यात माणूस कोण ते सांगतो. जन्म १९२९, व्हिएन्ना, ज्यू घर. १९३८ला नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर घरदार सोडून पळावं लागलं, आधी लंडन, मग न्यूयॉर्क. तिथेच शिकून १९५२ला डॉक्टर झाले, मग एनआयएच म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था, मग सॅन डिएगो, आणि १९७२पासून बोस्टनमध्ये हार्वर्डच्या ब्रिगम हॉस्पिटलात. बायको नीना ब्राउनवाल्ड स्वतः हार्ट सर्जन, ओपन हार्ट सर्जरी करणारी पहिली बाई, १९६०मध्ये तिने स्वतः डिझाईन केलेला कृत्रिम मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हार्टमधली एक झडप, पेशंटला बसवला होता. तिच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे, इथे जागा नाही.

आता ट्रीटमेंटकडे. आधी हे समजून घ्या की १९५०च्या आसपास हीच सर्व्हिस घ्यायला गेला असता तर काय मिळालं असतं. मॉर्फिन, ऑक्सिजन, आणि बेड. बेड म्हणजे अक्षरशः बेड, चार ते सहा आठवडे उठायचं नाही, कूस बदलायची तर नर्स बदलणार. लेव्हाइन आणि लाऊन या दोन डॉक्टरांनी १९५२मध्ये पेशंटला खुर्चीत बसवायची हिंमत केली तर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. १९५५ला अमेरिकेचे प्रेसिडेंट आयझेनहॉवर यांना अटॅक आला तेव्हा ते जवळजवळ सात आठवडे हॉस्पिटलात होते, म्हणजे प्रेसिडेंटलासुद्धा यापेक्षा बरं काही मिळत नव्हतं. साठच्या दशकात मॉनिटर आणि शॉक मशीन असलेले कोरोनरी केअर युनिट आले, ठोके बिघडून पटकन मरणारे पेशंट वाचायला लागले आणि हॉस्पिटलमधले मृत्यू साधारण ३० टक्क्यांवरून निम्म्यावर आले. मोठीच गोष्ट होती ती, पण ती ठोक्यांची ट्रीटमेंट होती. स्नायू जो मरत होता तो मरतच होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, अटॅक आला म्हणजे जो भाग गेला तो गेला, आता बाकीचं सांभाळा.

ब्राउनवाल्ड इथेच अडून बसले. त्यांनी आधी हार्टला ऑक्सिजन किती लागतो आणि कशाने जास्त लागतो यावर बरीच वर्षं घालवली होती, एक भन्नाट प्रकार पण केला होता, छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या मानेतल्या नर्व्हला बारीक करंट देणारं यंत्र बसवलं, दुखायला लागलं की पेशंटने स्वतःच बटण दाबायचं, ठोके आणि प्रेशर उतरायचं, दुखणं थांबायचं. १९६७ची गोष्ट आहे ही! म्हणजे हार्टची मागणी कमी केली तर कमी रक्तात पण निभतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. मग पुढचा प्रश्न सरळच होता, की अटॅक चालू असताना हेच केलं तर मरणारा भाग लहान करता येईल का.

१९७१मध्ये त्यांच्या टीमने कुत्र्यांवर प्रयोग छापला. कुत्र्याची कोरोनरी, म्हणजे हार्टलाच रक्त पुरवणारी नळी, बांधायची, हार्टच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी ईसीजी घ्यायचा, एसटी सेगमेंट (ईसीजीच्या रेघेचा एक भाग, स्नायूला इजा झाली की तो वर जातो) कुठे कुठे वर गेलाय ते मोजायचं, म्हणजे जखमेचा नकाशाच. हार्टला पळवणारं औषध दिलं की नकाशा मोठा व्हायचा, प्रोप्रॅनोलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, ठोके हळू करणारं औषध, दिलं की लहान व्हायचा. रक्तवाहिनी तीच बांधलेली, जागा तीच, तरी नुकसान कमीजास्त. माझ्या मते अख्ख्या करिअरमधला सगळ्यात मोठा शोध हाच, कारण गेला तो गेला ही समजूत इथे मोडली. नंतर १९७७ला रायमर आणि जेनिंग्ज यांनी दाखवलं की स्नायू एकदम मरत नाही, आतल्या थरातून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला पसरत जातो, कापड एका टोकाने भिजत जावं तसा, आणि याला काही तास लागतात. त्या काही तासांवरच आजची सगळी इमर्जन्सी उभी आहे, ॲम्ब्युलन्सच्या सायरनपासून कॅथलॅबवाल्याला रात्री झोपेतून उठवण्यापर्यंत.

आता मजा बघा. ब्राउनवाल्ड साहेबांना वाटलं औषधाने डाग, म्हणजे हार्टचा मेलेला भाग, लहान करू. मिलिस नावाचा मोठा सरकारी अभ्यास काढला, बऱ्याच हॉस्पिटलांत मिळून, प्रोप्रॅनोलॉल आणि हायल्युरोनिडेज अशी दोन औषधं. निकाल काय तर फरक नाही. कुत्र्यात झालं ते माणसात झालं नाही. पेशंट दारात येऊन औषध चढेपर्यंत बरेच तास उलटलेले असायचे आणि मुळात नळीच बंद, मागणी किती कमी करणार. बरेच लोक इथे हट्टाला पेटतात, डेटा फिरवतात, वेगळ्या गटात फायदा दिसतोय म्हणून पेपर काढतात. हा माणूस बाजू बदलून नळी उघडणाऱ्यांच्या टीममध्ये गेला. मला यांचं सगळ्यात आवडलेलं काय तर हे.

नळी उघडायची गोष्ट सोपी वाटते आता, पण तेव्हा गुठळीमुळे अटॅक येतो की अटॅकमुळे गुठळी होते यावरच भांडण होतं. काही पोस्टमॉर्टममध्ये गुठळी सापडायची नाही, म्हणून मोठमोठे लोक म्हणायचे गुठळी नंतरची. १९८०मध्ये डिवुड नावाच्या डॉक्टरने वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात अटॅक चालू असतानाच अँजिओग्राफी केली, म्हणजे नळ्यांत एक्स-रेवर दिसणारा डाय सोडून त्या बघितल्या, जे तेव्हा कुणी करायला धजत नव्हतं, आणि पहिल्या चार तासांत आलेल्या १२६ पेशंटपैकी ११० जणांची नळी पूर्ण बंद सापडली, ८७ टक्के. उशिरा केलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी होतं, म्हणजे गुठळी कधीकधी आपणहून विरघळते, म्हणून पोस्टमॉर्टममध्ये दिसत नव्हती. भांडण संपलं. त्याच्या आधीच १९७९ला जर्मनीत रेंट्रॉप यांनी कोरोनरीत थेट स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध सोडून बंद नळी उघडलेली दाखवली होती, आणि रशियात चाझोव यांनी त्याच्याही आधी.

१९८४ला टिमी सुरू झालं, थ्रोम्बोलिसिस इन मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे अटॅकमध्ये गुठळी विरघळवायच्या अभ्यासांची मालिका, अध्यक्ष ब्राउनवाल्ड. पहिला सामना दोन गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा, जुनं स्ट्रेप्टोकायनेज, जे एका बॅक्टेरियापासून मिळतं, आणि नवीन टीपीए, जे आपल्याच शरीरात असतं आणि तेव्हा जेनेटिक इंजिनिअरिंगने बनवायला नुकतंच जमलं होतं. २९० पेशंट, औषध द्यायच्या आधी अँजिओग्राफी, दिल्यावर ९० मिनिटांनी परत बघायचं नळी उघडली का. टीपीएने जवळपास दुप्पट नळ्या उघडल्या, म्हणून अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला.

उघडली म्हणजे किती उघडली हे सगळ्यांनी एकाच मापाने सांगायला पाहिजे, म्हणून तिथे चार पायऱ्या ठरवल्या. शून्य म्हणजे डाय पुढे जातच नाही. एक म्हणजे अडथळ्यातून झिरपतो पण नळी भरत नाही. दोन म्हणजे भरते पण रडतखडत. तीन म्हणजे नॉर्मल. बस्स. माझ्या कार्डावरचा टिमी थ्री तो हा. औषधांच्या तुलनेसाठी बनवलेली पट्टी, आज ती औषधं मागे पडली तरी जगातला प्रत्येक कॅथलॅबचा रिपोर्ट याच पट्टीत लिहितात. आणि नंतर असंही दिसलं की दोन आणि तीन यात फरक जीवनमरणाचा आहे, दोनवाले पेशंट म्हणावे तसे वाचत नाहीत, म्हणजे उघडली एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

टिमीचा दुसरा टप्पा मला जास्त शिकवून गेला. टीपीए आधी १५० मिलिग्रॅम देत होते, तर मेंदूत रक्तस्राव व्हायला लागले, तेव्हा अभ्यास चालू असतानाच डोस १००वर आणला. गुठळी विरघळवणारं औषध छातीत आहे का डोक्यात हे बघत नाही. प्रत्येक औषधाच्या फायद्याच्या पोटात त्याचा तोटा बसलेला असतो आणि तो शोधायला कुणीतरी मोजत बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे पण त्याशिवाय काही खरं नाही.

अर्थात सगळं श्रेय बोस्टनला द्यायचं कारण नाही. नळी उघडते हे टिमीने दाखवलं, पण नळी उघडल्याने माणूस जगतो हे मोठ्या आकड्यात आधी इटलीने दाखवलं, जिसी नावाचा अभ्यास, १९८६, जवळजवळ १२ हजार पेशंट, स्ट्रेप्टोकायनेज घेणाऱ्यांत मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७वर, आणि पहिल्या तासात मिळालं त्यांच्यात तर मृत्यू जवळजवळ निम्मे. मग १९८८ला आयसिस टू, १७,१८७ पेशंट, यात साधी ॲस्पिरिन, ती पण महिनाभर, पाच आठवड्यांतले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४, आणि स्ट्रेप्टोकायनेज जोडीला दिली तर काहीच न घेणाऱ्यांचे १३.२ आणि दोन्ही घेणाऱ्यांचे ८. इतकी साधी गोळी! याच अभ्यासातला एक किस्सा मला फार आवडतो. जर्नलचे संपादक म्हणत होते पेशंटचे गट पाडून दाखवा, कुणाला फायदा कुणाला नाही. संशोधक म्हणाले असे गट पाडून काहीही निघतं, पटत नाही तर हे घ्या, आणि त्यांनी पेशंटच्या राशींप्रमाणे गट पाडले. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदा शून्य, उलट थोडा तोटाच! पेपरात छापून आलंय हे. (माझी तूळ, तिकडच्या जन्मतारखेच्या हिशोबाने. तरी गोळी चालू आहे.)

आता मुख्य सर्व्हिस, कॅथलॅब. इथे मी पाचात पाच देणार, बोलायचं कामच नाही. फुग्याने कोरोनरी उघडायची आयडिया ग्रुंटझिग यांची, १९७७ सप्टेंबर, झ्युरिक, तीही अटॅकच्या पेशंटवर नाही, साध्या ब्लॉकेजवर. अटॅक चालू असताना विरघळवायचं औषध न देता थेट फुगा घालायचं ऐंशीच्या दशकात सुरू झालं, आणि २००३मध्ये २३ अभ्यास एकत्र केले, ७,७३९ पेशंट, तर फुगावाल्यांत मृत्यू ७ टक्के आणि औषधवाल्यांत ९, मेंदूतला रक्तस्राव पण कमी. म्हणजे टिमीने ज्या औषधासाठी जीव काढला ते औषध कॅथलॅबने मागे टाकलं, आणि जिथे कॅथलॅब वेळेत गाठता येत नाही तिथे मात्र आजही तेच इंजेक्शन जीव वाचवतं, हे लोक विसरतात.

प्रत्यक्ष अनुभव असा की मांडीतून काहीतरी घालतील म्हणून मी घाबरलो होतो, त्यांनी मनगटातून केलं. गार खोली, वर ते सी आकाराचं मशीन इकडून तिकडे फिरतंय, मी पूर्ण शुद्धीत, शेजारी स्क्रीन. डाय सोडला की छातीत गरम काहीतरी पसरल्यासारखं. स्क्रीनवर नळ्यांचं जाळं उमटलं, आणि पुढची मुख्य नळी मध्येच संपली, कात्रीने कापल्यासारखी, पुढे काहीच नाही, कोरं. ते मला डॉक्टरने सांगायच्या आधी कळलं. मग बारीक वायर आत गेली, फुगा फुगवला तेव्हा दुखणं एकदम वाढलं, मी ओरडलो, तो म्हणाला दोन मिनिटं, होतंय. मग स्टेंट. परत डाय, आणि ती नळी टोकापर्यंत भरली, फांद्या फांद्या दिसायला लागल्या, आणि तो मागे न बघता टेक्निशियनला म्हणाला, टिमी थ्री, लिहून घे. छातीवरचं ओझं तेव्हा खरंच उतरायला लागलं होतं, पण ठोके मध्येच वेडेवाकडे पडले, मॉनिटर कोकलला, सगळ्यांनी एकदा वर बघितलं आणि परत कामाला लागले. नंतर कळलं रक्त परत सुरू झालं की असे ठोके येतात, चांगलंच लक्षण समजतात बऱ्याचदा. हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं हो.

मी पोचायच्या आधी जे झालं त्याचे मार्क मात्र कापणार. पहिल्यांदा जिथे गेलो तिथे छातीत दुखतंय म्हणून सांगून पण आधी फॉर्म, आधी नंबर, आधी कुणाची सही, ईसीजी नंतर. नियम काय आहे तर दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, आणि कॅथलॅब असलेल्या ठिकाणी दीड तासाच्या आत नळी उघडायची. १९७१पासून लोक घसा फोडून सांगतायत की स्नायू मिनिटामिनिटाला जातोय आणि इकडे काउंटरवर पेन सापडत नाहीये. संशोधनाची चूक नाही यात, पण रिव्ह्यू संपूर्ण सर्व्हिसचा आहे ना, मग मार्क कापणार.

आता गोळ्यांची पिशवी. लोक वैतागतात इतक्या गोळ्या कशाला म्हणून, मी पण वैतागलो, पण एकेक गोळी कुठून आली ते वाचल्यावर वैताग थोडा कमी झाला, आणि यातल्या बऱ्याच गोळ्यांमागे परत तेच ब्राउनवाल्ड.

ती प्रिलवाली गोळी घ्या, रॅमिप्रिल वगैरे. या जातीचं पहिलं औषध कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषावरून सुचलेलं. ब्राउनवाल्ड यांच्या ब्रिगममध्ये मार्क आणि जॅनिस फेफर या जोडप्याने उंदरांवर बघितलं की अटॅकनंतर उरलेलं हार्ट हळूहळू फुगत जातं, ढिलं पडतं, आणि कॅप्टोप्रिल दिलं तर कमी फुगतं. त्यावरून सेव्ह नावाचा अभ्यास, १९९२, २,२३१ पेशंट, पंपिंग कमी झालेले पण त्रास न होणारे, मृत्यू १९ टक्क्यांनी कमी. म्हणजे अटॅक येऊन गेल्यावरसुद्धा गोष्ट संपलेली नसते, पुढची वर्षं हार्टचा आकार बदलत असतो हे इथे कळलं. या गोळीने मला खोकला आला, कोरडा, रात्री जास्त. बऱ्याच जणांना येतो, बदलून दुसरी मिळते, सहन करत बसू नका.

मग कोलेस्टेरॉलची, ॲटोरव्हास्टॅटिन ८०. फार्मसीतला पोरगा पण म्हणाला एवढी मोठी? हो, एवढी मोठी, आणि त्याचं कारण टिमीचा बाविसावा अभ्यास, २००४, ४,१६२ पेशंट. प्रॅव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीने पैसे दिले होते, अपेक्षा ही की आमची सौम्य गोळी त्या जोरदार गोळीइतकीच चांगली निघेल. निघाली उलटी. जोरदार गोळीवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल ६२वर आलं, सौम्यवाल्यांचं ९५, आणि पुढचे अटॅक, मृत्यू वगैरे सगळे धरून १६ टक्के कमी जोरदारवाल्यांत. पैसे देणाऱ्याचीच गोळी हरली आणि तसं छापलं. कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अभ्यासांबद्दल मला शंका असतेच, टिमीचे बहुतेक नंतरचे अभ्यास कंपन्यांच्याच पैशाने झालेत आणि त्यावर टीका पण झालीय, ती चुकीची नाही, कुठला प्रश्न विचारायचा हे शेवटी पैसे देणारा ठरवतो, जुन्या स्वस्त औषधांना कोण विचारणार. पण या एका अभ्यासाने मला गप्प केलं.

आणि ब्राउनवाल्ड यांच्या नावावर डाग नाहीत असं नाही. १९८१मध्ये त्यांच्याच लॅबमधला एक फार हुशार समजला जाणारा तरुण संशोधक आकडे बनवताना सापडला, सहकाऱ्यांच्या समोरच, आणि मग मागे जाऊन बघितलं तर कितीतरी पेपर खोटे. ब्राउनवाल्ड यांनी सुरुवातीला तो एकच प्रसंग असेल म्हणून त्याला लॅबमध्येच ठेवलं, त्यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली, आणि रास्तच होती. दर वर्षी ढिगाने पेपर बाहेर पडणाऱ्या लॅबमध्ये साहेब प्रत्येक आकडा कुठून बघणार हे खरंय, पण मग नाव तरी प्रत्येक पेपरवर कशाला. असो. त्या प्रकरणानंतर विज्ञानातली फसवणूक कशी तपासायची याचे नियम लोक गंभीरपणे करायला लागले.

रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत, ॲस्पिरिन आणि टिकॅग्रेलॉर. दुसरीबद्दल माझी खरी तक्रार आहे. घरी आल्यावर रात्री श्वास घेताना विचित्र वाटायला लागलं, दम लागत नाही पण हवा पुरत नाही असं काहीतरी, मला वाटलं झालं, स्टेंट बंद पडला, घरातले सगळे उठले, परत इमर्जन्सी, परत ईसीजी, सगळं नॉर्मल. ड्युटीवरची डॉक्टर पिशवी बघून शांतपणे म्हणाली, हा टिकॅग्रेलॉरचा माहितीतला साइड इफेक्ट आहे, बऱ्याच जणांना होतो, बहुतेकदा आपोआप कमी होतो, पण मनाने बंद करू नका, नवीन स्टेंटमध्ये गुठळी होते. एक वाक्य होतं हो. डिस्चार्जच्या वेळी ते कुणी बोललं असतं तर ती रात्र वाचली असती. २००९च्या ज्या अभ्यासाने ही गोळी आणली, १८,६२४ पेशंट, त्याच अभ्यासात हा त्रास नोंदवलेला आहे, मोजलेला आहे, छापलेला आहे. जगभर इतक्या कष्टाने गोळा केलेली माहिती शेवटच्या दहा फुटांत, डॉक्टरच्या टेबलापासून पेशंटच्या खुर्चीपर्यंत, सांडते. अर्धा मार्क मुख्यतः याचा गेला.

त्यामुळे कुणी घरातल्याचा डिस्चार्ज घेत असाल तर उठायच्या आधी विचारून घ्या: कुठली गोळी कधीपर्यंत, कुठली आयुष्यभर, कुठल्या गोळीने काय होऊ शकतं, दात काढायचा असेल तर कुणाला विचारायचं, पंपिंग किती आहे आणि परत इको (हार्टची सोनोग्राफी) कधी. कार्डिॲक रिहॅब असेल तर जाच, चालणं मॉनिटरखाली सुरू करायचं असतं तिथे, मी पहिल्या दिवशी जिना बघून घाबरलो होतो, तिथल्या फिजिओने बरोबर चढून दाखवलं. आणि जिभेखाली ठेवायची गोळी कुठे ठेवलीय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

ऑक्सिजनचा मास्क मला कुणी लावला नाही तेव्हा बायको चिडली होती, पैसे वाचवताय का म्हणून. पैसे वाचवत नव्हते. वर्षानुवर्षं सगळ्यांना लावायचे, मग २०१७ला स्वीडनमध्ये ६,६२९ पेशंटवर मोजून बघितलं, रक्तातला ऑक्सिजन नॉर्मल असेल तर मास्कने काही फरक पडत नाही. म्हणून काढून टाकला. ही मला या क्षेत्राची सगळ्यात भारी गोष्ट वाटते, लावलेली गोष्ट काढायला पण लोक अभ्यास करतात.

आणि आता तेच माझ्या बीटा ब्लॉकरचं होतंय. ज्या गोळीने १९७१मध्ये कुत्र्याच्या हार्टवरचा नकाशा लहान केला होता, जी पुढे अटॅक आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत जायला लागली, तिच्यावर २०२४मध्ये परत प्रश्न आला, रिड्यूस एएमआय नावाचा अभ्यास, पाच हजारांवर पेशंट, ज्यांचं पंपिंग चांगलं उरलंय त्यांना या गोळीचा फायदा दिसला नाही. जुने पुरावे बहुतेक स्टेंटच्या आधीच्या जमान्यातले, तेव्हा डागच मोठे असायचे. ज्यांचं पंपिंग कमी झालंय त्यांनी मात्र ही सोडायचा विचारही करू नका, त्यांच्यासाठी तिचा फायदा पक्का आहे. माझं पंपिंग पन्नास टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे मी त्या वादाच्या बरोबर मध्ये. गोळीने सकाळी हातपाय गार पडतात आणि जिना चढताना ठोके वाढायलाच तयार नसतात, त्यामुळे मी डॉक्टरांना विचारलं, बंद करू का. ते म्हणाले काही अभ्यास इकडे आहेत काही तिकडे, आत्ता चालू ठेवा, पुढचा इको झाला की ठरवू.